पाच सेंटिमीटर कमी

जिम्नॅस्टिक्समध्ये महिलांच्या व्हॉल्टसाठी, म्हणजे हात टेकून मारायच्या उडीसाठी, जो घोडा वापरत, त्याची उंची २००० साली १२५ सेंटिमीटर ठरलेली होती. पुरुषांसाठी १३५. सिडनी ऑलिंपिकमध्ये २१ सप्टेंबर २००० रोजी, महिला जिम्नॅस्टिक्सच्या सर्वांत मानाच्या अंतिम फेरीत, हा घोडा १२० सेंटिमीटरवर लावला गेला. जगातल्या निवडक जिम्नॅस्ट त्याच्यावरून उडाल्या. काही आपटल्या, एक जखमी होऊन बाहेर पडली, आणि निम्मी स्पर्धा उरकेपर्यंत पंचांपैकी किंवा संयोजकांपैकी कुणालाही शंका आली नाही. त्या रात्री सगळ्यात जास्त गमावलं ते रशियाच्या स्वेतलाना खोरकिनाने.

खोरकिना १६५ सेंटिमीटर उंच होती. आपल्याकडे या उंचीला कुणी उंच म्हणणार नाही, पण तिच्या काळातल्या जिम्नॅस्टमध्ये ती सगळ्यांत उठून दिसे. लहानपणापासून तिला ‘उंची जास्त आहे’ हेच ऐकावं लागलं होतं. घोडा कमी भरला म्हणून तिची हुकलेली संधी ऑलिंपिकच्या इतिहासात अपघात म्हणून नोंदली गेली आहे. तिची पूर्ण कारकीर्द पाहिली तर मात्र तिचा झगडा पहिल्या दिवसापासून मापांशीच होता, हे ध्यानात येतं.

देश संपला, संघ उरला

हेलसिंकीला १९५२ साली सोव्हिएत संघाने ऑलिंपिकमध्ये पाऊल टाकलं, तेव्हापासून १९८८च्या सोलपर्यंत महिलांचं सांघिक सुवर्ण त्यांनी एकदाही सोडलं नाही. अपवाद फक्त १९८४च्या लॉस एंजेलिसचा, कारण तिथे ते गेलेच नव्हते. लारिसा लातिनिना, ल्युदमिला तुरिश्चेवा, ओल्गा कोर्बुट ही नावं त्याच परंपरेतली. शाळकरी मुली हेरायच्या, क्रीडाशाळेत घालायच्या, गावातून प्रांतात आणि प्रांतातून मॉस्कोजवळच्या ‘ओझेरो क्रुग्लोये’ या राष्ट्रीय केंद्रात आणायच्या, अशी ती चाकोरी होती. खर्च सरकारचा आणि निवड कठोर.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जुन्या प्रजासत्ताकांचा ‘एकत्रित संघ’ उतरला आणि शेवटचं सांघिक सुवर्ण घेऊन आला. मग वाटण्या झाल्या. ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांवरच्या गुणांच्या बेरजेचं सुवर्ण जिंकणारी तात्याना गुत्सू युक्रेनची झाली, स्वेतलाना बोगिन्स्काया बेलारूसची, ओक्साना चुसोवितिना उझबेकिस्तानची. रशियाच्या वाट्याला मोठा देश आला, ओझेरो क्रुग्लोये आलं आणि मुख्य प्रशिक्षक लिओनिद अर्काएव आले. जुनी सुबत्ता मात्र आली नाही. अनेक नाणावलेल्या प्रशिक्षकांनी अमेरिकेची आणि युरोपची वाट धरली. तिकडे रोमानिया, चीन आणि अमेरिका दारात उभ्याच होत्या.

खोरकिनाची पिढी नेमकी या सांध्यावर मोठी झाली. तिचा जन्म १९ जानेवारी १९७९चा, युक्रेनच्या सीमेलगतच्या बेलगोरोद शहरातला. चौथ्या वर्षी ती जिम्नॅस्टिक्स शिकू लागली. ती शिकली सोव्हिएत पद्धतीने, आणि पदकं जिंकायची वेळ आली तेव्हा छातीवरचं देशाचं नाव बदललेलं होतं.

बुटक्या मुलींना हा खेळ सोपा का जातो, याचं कारण साधं आहे. हवेत गिरकी घेताना अंग जितकं लांब, तितकी गिरकी मंद. उंच मुलीला तेवढ्याच वेळात तेवढ्याच कोलांट्या मारायला जास्त जोर लागतो. अनइव्हन बार्सवर तर दुहेरी अडचण. वरच्या दांडीला धरून पूर्ण झोका घेताना खालची दांडी वाटेत येते, आणि पाय जितके लांब तितकी ती जास्त येते. बेलगोरोदचे प्रशिक्षक बोरिस पिलकिन यांनी ही उंची लपवायची खटपट केली नाही. लांब हातपाय दिसतील, झोक्याची कमान डोळ्यांत भरेल, असे व्यायाम त्यांनी तिच्यासाठी बसवले. दुसऱ्यांच्या कसरती उतरवून काढण्याऐवजी नव्या रचल्या. पुढे व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांवरच्या काही कसरती अधिकृत नियमावलीत खोरकिनाच्या नावाने नोंदल्या गेल्या. हा मान फार थोड्या जिम्नॅस्टना मिळाला आहे. पिलकिन अखेरपर्यंत तिचे प्रशिक्षक राहिले.

बार्स देतात, बार्स नेतात

१९९४ साली ब्रिस्बेनच्या जागतिक स्पर्धेत पंधरा वर्षांच्या खोरकिनाने व्हॉल्ट आणि बार्सवर दोन रौप्यं घेतली. पुढच्या वर्षी जपानमध्ये साबाए इथे बार्सचं सुवर्ण तिचं झालं. ऑल-अराउंडमध्ये ती दुसरी आली आणि पहिली आली युक्रेनची लिलिया पोदकोपायेवा. तीन-चार वर्षांपूर्वी या दोघी एकाच देशाच्या होत्या. १९९६ मध्ये सान हुआनला बार्सचं जागतिक सुवर्ण पुन्हा तिच्याकडे आलं, बेलारूसच्या येलेना पिस्कुनबरोबर विभागून.

त्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिक आलं. सांघिक स्पर्धेत रशियाच्या वाट्याला रौप्य आलं. सुवर्ण अमेरिकेचं. दुखऱ्या घोट्यावर उडी मारून उतरलेल्या केरी स्ट्रगची ती प्रसिद्ध रात्र. १९५२ नंतर प्रथमच, स्वतः हजर असूनही, मॉस्कोच्या परंपरेतला संघ ऑलिंपिकमध्ये हरला. ऑल-अराउंडमध्ये खोरकिना पदकाची दावेदार होती, पण तिच्या हक्काच्या बार्सवरून पडली आणि पंधराव्या क्रमांकावर गेली. काही दिवसांनी त्याच बार्सच्या अंतिम फेरीत तिने ९.८५० गुणांनी सुवर्ण जिंकलं. पुढची आठ वर्षं हाच प्रकार फिरून फिरून घडत राहिला. ज्या साधनावर ती जगात सर्वश्रेष्ठ होती, त्याच साधनाने तिला ऐन मोक्याला खाली टाकलं.

अटलांटानंतर खेळाचे नियम बदलले. सगळ्यांनी एकसारखे करायचे सक्तीचे व्यायाम रद्द झाले आणि मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय १५ वरून १६ झालं. प्रत्येकीने आपलं वेगळेपण दाखवावं अशी हवा सुटली, आणि ती खोरकिनाला मानवली. १९९७ साली लोझानला, अठराव्या वर्षी, ती ऑल-अराउंडची जगज्जेती झाली. बार्सचं सुवर्ण होतंच. बीम, फ्लोअर आणि सांघिक अशी तीन रौप्यंही आली. १९९८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आणि २००० मध्ये पॅरिसला युरोपीय ऑल-अराउंड विजेतेपद तिच्याकडे गेलं. १९९९ मध्ये चीनमधल्या तिआनजिनला बार्सचं आणखी एक जागतिक सुवर्ण. सिडनीला ती विसाव्या वर्षांपलीकडची, अनुभवी आणि सर्वांच्या अपेक्षेतली स्पर्धक म्हणून उतरली. पात्रता फेरीत पहिला क्रमांकही तिचाच होता.

सिडनीची तीन दिवसांची गोष्ट

१९ सप्टेंबर २००० ही तारीख भारतीय वाचकाला वेगळ्या कारणाने आठवेल. त्या दिवशी कर्णम मल्लेश्वरीने भारोत्तोलनात कांस्य घेतलं आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच दिवशी महिला जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी होती. खोरकिना बार्सवरून पडली. रोमानिया १५४.६०८, रशिया १५४.४०३. फरक जेमतेम ०.२०५ गुणांचा, आणि बार्सवरून पडलं की तेव्हा थेट अर्धा गुण कापत. ही सांघिक हार तिच्या पदरात पडली आणि तिथे घोड्याची सबब नव्हती.

दोन दिवसांनी ऑल-अराउंडची अंतिम फेरी. पहिल्या फेरीत फ्लोअर, आणि त्यानंतर खोरकिना आघाडीवर. दुसरी फेरी व्हॉल्टची.

व्हॉल्टमध्ये काय घडतं ते थोडं जवळून पाहायला हवं. धावपट्टी २५ मीटरची. जिम्नॅस्ट पूर्ण वेगाने पळत येते, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटते, घोड्यावर तळहात टेकते आणि खांद्यांतून ढकलून वर जाते. हात टेकण्याचा हा क्षण सेकंदाचा किरकोळ अंश असतो. सोव्हिएत संघाच्या नतालिया युरचेन्कोने १९८०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत तर जिम्नॅस्ट स्प्रिंगबोर्डवर पाठमोरी येते, म्हणजे घोडा तिला दिसतही नाही. हजारो वेळा केलेल्या सरावातून शरीराला तो कुठे असणार ते पाठ झालेलं असतं. स्वयंपाकघरात अंधारातही हात बरोबर मिठाच्या बरणीवर जावा, तसं. बरणी कुणी हलवली असेल, तर हात चुकतो. इथे हात चुकला तर मान धोक्यात येते.

खोरकिना धावली, उडाली आणि गुडघ्यांवर आली. बाहेर पडताना तिला वाटलं, चूक आपलीच. ऑल-अराउंड गेलं हे मनात घेऊनच ती तिसऱ्या फेरीसाठी बार्सवर चढली आणि तिथूनही पडली. अमेरिकेची एलिस रे त्याच घोड्यावर सरावात वाईट आपटली होती. ब्रिटनची अ‍ॅनिका रीडर जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेली. प्रेक्षकांना वाटलं, आज मुलींवर दडपण फार आहे.

तिसऱ्या फेरीच्या सरावाला ऑस्ट्रेलियाची अ‍ॅलाना स्लेटर घोड्यापाशी उभी राहिली. घोडा नेहमीपेक्षा अंगाला खाली लागतोय, असं तिने बोलून दाखवलं. अधिकाऱ्यांनी माप घेतलं. पाच सेंटिमीटर कमी. घोडा वर उचलला गेला आणि ज्या १८ जणींनी आधी त्यावर उड्या मारल्या होत्या, त्यांना हवं तर पुन्हा व्हॉल्ट करायची मुभा दिली गेली.

काहींनी ती घेतली. खोरकिनाने घेतली नाही. कारण हिशेबाचं होतं. व्हॉल्ट पुन्हा करता आला असता, पण बार्सवरची पड पुन्हा करता येणार नव्हती. बार्सवर ती पडली ती स्पर्धा हातची गेली या समजुतीने, आणि ती समजूत ज्या घोड्याने करून दिली तो चुकीचा होता, हे तिला उशिरा कळलं. नियम म्हणत होते, चूक व्हॉल्टवर झाली, भरपाई व्हॉल्टवरच. मनावर झालेल्या परिणामाला नियमावलीत रकाना नव्हता.

त्या रात्रीची दुसरी गफलत पाच दिवसांनी उघडी पडली. सुवर्ण जिंकलेल्या रोमानियाच्या अँड्रिया रादुकानच्या चाचणीत स्यूडोएफेड्रिन सापडलं. सर्दीवरची ती गोळी तिला संघाच्या डॉक्टरांनी दिली होती. २६ सप्टेंबरला तिचं पदक काढून घेण्यात आलं आणि सुवर्ण तिचीच सहकारी सिमोना अमानारकडे गेलं. खोरकिनाचा क्रमांक दहावा राहिला. सिडनीतल्या या दोन्ही प्रकरणांत चूक मोठ्या माणसांनी केली, एकाने घोडा लावताना आणि दुसऱ्याने गोळी देताना. निस्तरावं लागलं मुलींना.

खोरकिनाचं सिडनी मात्र तिथे संपलं नाही. २४ सप्टेंबरला बार्सच्या अंतिम फेरीत तिने ९.८६२ गुणांनी सुवर्ण राखलं. चीनची लिंग जिए ९.८३७ वर थांबली. सलग दोन ऑलिंपिकमध्ये बार्सचं सुवर्ण १९६० आणि १९६४ च्या पोलिना अस्ताखोवानंतर कुणाला मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फ्लोअरवर रौप्यही आलं.

घोडा गेला, खोरकिना राहिली

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, जुना घोडा मोठ्या स्पर्धांतून हद्दपार झाला. त्याच्या जागी आलं व्हॉल्टिंग टेबल, म्हणजे रुंद, पुढे उतरता, उशी लावलेला पृष्ठभाग. सिडनीच्या गोंधळामुळे हा बदल झाला असा समज आहे, पण तयारी आधीपासून चालू होती आणि तिची कारणं जास्त गंभीर होती. अमेरिकेची जुलिसा गोमेझ १९८८ साली टोकियोत सरावाच्या व्हॉल्टवर पाय निसटून डोक्यावर आपटली, पूर्ण पंगू झाली आणि १९९१ मध्ये गेली. चीनची सांग लान १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुडविल स्पर्धेत व्हॉल्टचा सराव करताना मानेला दुखापत होऊन अपंग झाली. आडव्या ठेवलेल्या अरुंद घोड्यावर हात चुकायला जागाच नव्हती. सिडनीने एवढंच केलं की जे आधी जाणकारांना ठाऊक होतं, ते जगभरच्या टीव्ही प्रेक्षकांना दाखवलं.

या नव्या टेबलावरची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे भरली. सिडनीच्या धक्क्यानंतर खोरकिना खेळ सोडेल असं म्हणणारे पुष्कळ होते. ती गेंटला आली आणि ऑल-अराउंड, बार्स व व्हॉल्ट अशी तीन सुवर्णं घेऊन गेली. ज्या प्रकाराने वर्षापूर्वी तिला गुडघ्यांवर आणलं होतं, त्याच प्रकाराची जगज्जेती. २००२ मध्ये ग्रीसमधल्या पात्रास इथे युरोपीय ऑल-अराउंड तिसऱ्यांदा तिच्याकडे आलं. २००३ मध्ये अमेरिकेत अनाहाइमला, चोविसाव्या वर्षी, ती तिसऱ्यांदा ऑल-अराउंडची जगज्जेती झाली. तोवर कुठल्याही महिलेने हे साधलं नव्हतं.

उरलं होतं ते ऑलिंपिक ऑल-अराउंड. १९ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्समध्ये अमेरिकेची सोळा वर्षांची कार्ली पॅटरसन ३८.३८७ गुणांनी पहिली आली, खोरकिना ३८.२११ वर दुसरी. या वेळी घोड्याचं निमित्त नव्हतं, पडझड नव्हती. फरक ०.१७६चा. सांघिक कांस्य मिळालं. बार्सच्या अंतिम फेरीत मात्र ती चुकली, शेवटची आली आणि तिसरं सलग सुवर्ण हुकलं. तिथेच तिने खेळ थांबवला. हिशेब असा उरला: ऑलिंपिकची सात पदकं, त्यात बार्सची दोन सुवर्णं, आणि जागतिक स्पर्धांची नऊ सुवर्णं. २००७ साली ती रशियाच्या संसदेत, दूमामध्ये, सत्ताधारी पक्षाची सदस्य म्हणून गेली. रशियाच्या महिला संघाला ऑलिंपिक सांघिक सुवर्ण मिळालं ते थेट २०२१ मध्ये टोकियोत, तेही देशाच्या नाही तर तिथल्या ऑलिंपिक समितीच्या नावाखाली. म्हणजे खोरकिनाच्या पूर्ण कारकिर्दीत तिच्या संघाने जुन्या साम्राज्याचं ओझं वाहिलं आणि ते फेडणं तिच्या निवृत्तीनंतर सतरा वर्षांनी जमलं.

त्या टेबलाचं भारतात काय झालं

सिडनीच्या त्या रशियन संघात येलेना प्रोडुनोव्हाही होती. बीमवर तिला कांस्य मिळालं, पण भारतात तिचं नाव पोचलं ते एका व्हॉल्टमुळे. हात टेकून पुढे दोन पूर्ण कोलांट्या मारायच्या आणि उभं उतरायचं. १९९९ मध्ये तिने तो स्पर्धेत केला. तेव्हा समोर जुना अरुंद घोडा होता. नंतर टेबल आलं तरी फार थोड्यांनी त्याला हात घातला, कारण दुसरी कोलांटी अपुरी राहिली तर माणूस मानेवर येतो.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने तो घातला. तिचे प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी सुरुवातीला जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून स्प्रिंगबोर्डची सोय केली होती. ३१ जुलै २०१४ रोजी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपाने कांस्य घेतलं, भारतीय महिला जिम्नॅस्टचं राष्ट्रकुलमधलं पहिलं पदक. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकच्या व्हॉल्टमध्ये दीपा १५.०६६ गुणांवर चौथी आली. कांस्य घेणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. बोईसर-तारापूरपासून बीडपर्यंत ज्या घरांत कुणी जिम्नॅस्टिक्स पाहिलं नव्हतं, तिथेही त्या आठवड्यात ‘प्रोडुनोव्हा’ हा शब्द तोंडी बसला.

सिडनीचा घोडा बरोबर असता तर खोरकिना ऑलिंपिक ऑल-अराउंड जिंकली असती का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अटलांटात आणि सिडनीच्याच सांघिक फेरीत ती बरोबर मापाच्या बार्सवरून पडली होती. मोठ्या रात्री चुकण्याची तिची खोड जुनी होती. मात्र आघाडीवर असताना तिला बरोबर मापाच्या घोड्यावर उडी मारायला मिळायला हवी होती, आणि ते देणं संयोजकांचं काम होतं. पदकाबद्दल वाद होऊ शकतो, या हक्काबद्दल नाही.

तिच्या कारकिर्दीचा मोठा परिणाम पदकांच्या यादीत सापडत नाही. जिम्नॅस्ट म्हणजे ठेंगणी, पंधरा-सोळाची, विशीच्या आत निवृत्त, असं १९७०च्या दशकापासून धरून चालत. खोरकिनाने सगळ्यात मोठी जागतिक विजेतेपदं बाविसाव्या आणि चोविसाव्या वर्षी जिंकली, तीही मापात न बसणाऱ्या उंचीसकट. तिच्याच पिढीची चुसोवितिना २००८ साली तेहतिसाव्या वर्षी बीजिंगमध्ये व्हॉल्टचं ऑलिंपिक रौप्य घेऊन गेली. २०२४ मध्ये पॅरिसला ऑल-अराउंडचं सुवर्ण सिमोन बाइल्सने सत्ताविसाव्या वर्षी जिंकलं, आणि दुसरी आलेली रेबेका अँड्रेड पंचवीस वर्षांची होती. किमान वय वाढल्याने, टेबल आल्याने आणि गुण मोजण्याची रीत बदलल्याने या खेळात मोठ्या बायकांना जागा झाली हे खरं. पण नियम बदलण्यापूर्वी कुणीतरी स्पर्धेत उभं राहून जुनं माप तोकडं असल्याचं दाखवावं लागतं. ते खोरकिनाने दाखवलं.